मागची भिंत

दर्शनाचे दिवस जानेवारीत भरायचे होते, आणि त्या बेतानं जयरामनं घराचं काम डिसेंबरवर ढकललं होतं. आधी भात कापायचं, मग झोडायचं, आणि खळं मोकळं झालं की माती कालवून घर चारी बाजूंनी लिंपून काढायचं. पण त्या वर्षी दिवाळी उलटली तरी पाऊस हटेना. कापणी लांबली. अर्धं भात अजून शेतात उभं असताना, नोव्हेंबरच्या सात तारखेला, जावयाचा वाशिंदहून फोन आला. दर्शनाला एकाएकी त्रास सुरू झाला म्हणून कल्याणच्या दवाखान्यात नेलं आणि ती बाळंत झाली. मुलगी झाली, दीड किलोची. काचेच्या पेटीत ठेवलीये, असं रितेश म्हणाला.

जयराम आणि त्याची बायको वत्सला दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं मुरबाडला आणि तिथून एसटीनं कल्याणला गेले. नात त्यांना काचेपलीकडूनच बघायला मिळाली. वत्सला म्हणाली, नाक आपल्या दर्शनाचं हाय. जयरामला नाक दिसलं नाही. त्याला फक्त छाती दिसली, भरभर वरखाली होणारी, चिमणीच्या पिल्लाएवढी.

बाळाला सोडायला महिना तरी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोडल्यावर न्यायचं कुठं, हा प्रश्न होता. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे लग्नातच ठरलेलं. पण विहीणबाई म्हणाल्या की तुमचं दांडवाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याला, तिथं थंडी फार, पोर नाजूक, तेव्हा इथंच राहू दे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण वाशिंदचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात पाच माणसं, रितेशची कंपनीत पाळी, त्याच्या भावाची वेगळी पाळी, दाराची उघडझाप रात्रंदिवस. दर्शना दवाखान्याच्या जिन्यावर बापाजवळ हळूच म्हणाली होती, "बाबा, मला घरी न्या." तेवढं ऐकून जयरामला राहवलं नाही. सगळ्यांच्या देखत तो विहीणबाईंना म्हणाला, "घर असं करतो, की वाऱ्याला आत यायला वाट मिळणार नाय."

हा शब्द त्यानं दिला, आणि मग तो शब्द त्याच्या मानेवर बसला.

जयरामचं घर कुडाचं होतं. डोंगरातली कारवी तोडून आणायची, काठ्या उभ्या आडव्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी माती थापायची, अशा भिंती. पावसाळ्यात माती धुपून जायची आणि दिवाळीपर्यंत ठिकठिकाणी नुसत्या काठ्या उरायच्या. माजघरात बसलं की कुडातून बाहेरचा फणस दिसायचा. नवराबायकोला त्याचं काही वाटत नसे. फटींना गोणपाट लावायचं, दोन गोधड्या अंगावर घ्यायच्या, सकाळी अंगणात आग करायची, की थंडी निघून जाते. पण ती थंडी साधी नव्हती. डोंगर पूर्वेला, अगदी डोक्यावर. हिवाळ्यात सूर्य कड्यावरून वर यायला साडेनऊ वाजतात, आणि पहाटेपासून तोवर घाटातून उतरणारा वारा घराच्या मागच्या अंगाला लागत राहतो. बाळंतिणीची म्हणून जी आतली खोली होती तिची भिंत नेमकी तीच, मागची.

घाईघाईनं भात घरात आणून, झोडायचं तसंच ठेवून, जयराम मातीला लागला. त्यानं नामाला बोलावून आणलं. नामा ऐंशीच्या घरातला. सगळी हयात त्यानं लोकांच्या घरांची कुडं बांधली होती, आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. त्यानं घराभोवती फिरून हातानं चाचपून भिंती बघितल्या. पुढच्या आणि बाजूच्या भिंती लिंपायला हरकत नाही म्हणाला, त्यांना ऊन लागतं. मागच्या भिंतीपाशी मात्र तो थांबला.

"हिला यंदा हात लावू नको," नामा म्हणाला. "फणसाच्या सावलीत फणसाच्या सावलीत हिला ऊन नाय. हिचा चिखल महिनाभर सुकायचा नाय. आतून गोणपाट लाव, वर ताडपत्री मार, आणि दिवस काढ."

जयरामनं मान हलवली. पण गोणपाट लावलेल्या खोलीत विहीणबाई पाऊल टाकतायत आणि चारी बाजूंना बघतायत, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि बाळाला सोडायला अजून तीन आठवडे होते. तेवढ्यात सुकेल, असं त्यानं मनाशी ठरवलं.

वारुळाची माती तो बांधावरून पाटीनं वाहून आणत होता. तिच्यात शेण, भाताचा तूस, बारीक केलेला पेंढा घालून वत्सला आणि तो दोघं पायांनी तुडवायचे. चिखल दोन दिवस मुरत ठेवायचा, मग थापायचा. त्याचे गुडघे आधीच दुखत होते. गार चिखलात उभं राहून राहून ते सुजले. वत्सला रात्री तेल लावून देई. पुढची भिंत झाली, मग दोन्ही बाजू झाल्या. कुडाच्या वर, कौलांखाली जी हातभर फट होती ती त्यानं पेंढ्याच्या गुंडाळ्या करून ठासून भरली. दाराला खालून लाकडी पट्टी मारली. खिडकीच्या झडपेला आतून जुन्या घोंगडीचा तुकडा ठोकला. एवढं होईस्तोवर नोव्हेंबर संपत आला, आणि मागची भिंत त्यानं एका गुरुवारी लिंपायला घेतली. दोन्ही अंगांनी, चांगली चार बोटं जाड.

शनिवारी रितेशचा फोन आला. बाळाचं वजन पावणेदोन किलो झालं होतं, ते दूध ओढत होतं, दवाखान्यात खाटा कमी होत्या. सोमवारी सोडणार होते.

शुक्रवारपासून धुकं पडत होतं. सकाळी फणसाच्या पानांवरून थेंब गळायचे. लिंपलेल्या भिंतीवर दव बसू नये म्हणून जयरामनं मागच्या बाजूनं ताडपत्री बांधली. नामा काठी टेकत आला होता, तो म्हणाला की काढ ती, भिंतीला श्वास घेऊ दे. जयरामनं काढली नाही. शनिवारी दिवसभर आणि रविवारी दिवसभर त्यानं आतल्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवली आणि भिंतीसमोर बसून राहिला. काळा चिखल हळूहळू करडा झाला, मग फिकट. रविवारी दुपारी त्यानं तळवा लावून बघितला तर भिंत कोरडी लागली. मग वत्सलानं त्यावर शेणाचं सारवण केलं आणि त्यानं वर चुन्याचा हात मारला. खोली पांढरीशुभ्र दिसायला लागली. वत्सला दारात उभी राहून म्हणाली की आपल्या लग्नातसुद्धा घर असं दिसलं नव्हतं.

ती पाणी आणायला गेल्यावर जयराम खाली बसला आणि जमिनीलगत, जिथं खाट येणार होती तिथं, त्यानं अंगठा दाबून बघितला. वरचा पापुद्रा मोडला आणि अंगठा आत गेला. पहिल्या पेरापर्यंत गेला. आत गार, मऊ चिखल होता, गुरुवारी होता तसाच.

 मग त्यानं बोटानं ती खळी बुजवली आणि चुन्याचं बोट फिरवलं.

हात धुऊन तो ओट्यावर येतो तोच फोन वाजला. विहीणबाई होत्या. उद्या किती वाजता निघायचं, जीप कुठली, असं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, घर झालं ना तयार, नसंल तर आठ दिवस इथं ठेवू, आमची काही अडचण नाही. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. त्या खरंच विचारत होत्या. नंतर जयरामला हे पुन्हा पुन्हा आठवायचं, की त्या सरळ विचारत होत्या आणि त्यानं नुसतं थांबा म्हटलं असतं तर पुरलं असतं.

"झालंय," तो म्हणाला. "या तुमी."

सोमवारी दुपारी जीप दारात आली. दर्शना उतरली, अंगावर दोन शाली, आणि बाळ तिच्या पोलक्याच्या आत, छातीशी उघडं धरलेलं. दवाखान्यात तसंच शिकवलं होतं, आईच्या अंगाची ऊब सगळ्यात बरी म्हणून. विहीणबाई सोबत आल्या होत्या. त्यांनी आतल्या खोलीत जाऊन भिंतीवरून हात फिरवला, वर पेंढ्यानं भरलेल्या फटी बघितल्या, खिडकीची घोंगडी बघितली, आणि म्हणाल्या की छान केलंय हो, मी उगाच काळजी करत होते. दर्शना खाटेवर बसली आणि नव्या मातीच्या वासानं तिला रडूच आलं. जयराम दारातून बाजूला झाला.

विहीणबाई संध्याकाळी त्याच जीपनं परत गेल्या. पहिले आठ दिवस बरे गेले. वारा खरोखरच आत येत नव्हता. दिव्याची ज्योत सरळ उभी राहायची. वत्सला लेकीला शेक द्यायची, मेथी, खोबरं, अळिवाची पेज करून घालायची. बाळ दूध प्यायचं, झोपायचं, कधीतरी डोळे उघडून खोलीतल्या बल्बकडे बघायचं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी जयरामनं पाहिलं की खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढली होती. दर्शनानं सांगितलं की उठताबसता भिंतीला कोपर लागतं. ताडपत्री जयरामनं तिसऱ्या दिवशीच सोडून टाकली होती. रोज दुपारी सगळी झोपली की तो मागच्या बाजूला जाऊन भिंतीला हात लावायचा. हात गार यायचा. खोलीत शेगडी पेटवता येत नव्हती, धुरानं बाळ शिंकायचं. डिसेंबरची थंडी रोज वाढत होती. खोलीत वारा नव्हता, पण उबारा पण नव्हता. विहिरीत उतरल्यावर अंगाला लागतो तसा एक गारवा होता, आणि त्याबद्दल घरात कुणीच काही बोलत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी बाळानं दूध ओढलं नाही. दर्शनाला वाटलं झोपेत आहे. आठ वाजता वत्सलानं अंगाला हात लावला तर तळवे गार, आणि श्वासाबरोबर बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. जयराम धावत जाऊन गावातल्या अनिलची जीप घेऊन आला. मुरबाडच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून तिथूनच पुढं कल्याणला पाठवलं. अॅम्ब्युलन्समध्ये दर्शना बाळाला छातीशी धरून बसली होती आणि सारखी खाली वाकून श्वास ऐकत होती. जयराम पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

फुप्फुसात जंतू गेले होते. तीन दिवस ती पुन्हा काचेच्या पेटीत होती. चौथ्या दिवशी सकाळी गेली.

बाळ पांढऱ्या कापडात गुंडाळून रितेशच्या हातात दिलं, तेव्हा विहीणबाईंनी आधी सुनेला सावरलं, मग वत्सलाला. कुणी कुणाला बोल लावला नाही. जयराम जिन्यावर उभा होता. तिथून बाळाला बघणारा तरुण डॉक्टर खाली जात होता, तीन दिवस दाढी न केलेला. जयरामनं त्याला थांबवलं आणि सांगितलं की साहेब, घराची भिंत ओली होती. डॉक्टरला आधी काही समजेना. मग जयरामनं सगळं सांगितलं, कूड, माती, चार बोटं लिंपण, ताडपत्री. डॉक्टरनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला की बाबा, एवढ्या कमी वजनाच्या बाळांचं असं होतं, बंगल्यातल्या बाळांचंसुद्धा होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दोन पायऱ्या उतरून तो पुन्हा थांबला. तो खोटं बोलणारा माणूस नसावा.

"ओल नको होती, पण," तो म्हणाला, आणि गेला.

संक्रांतीपर्यंत राहू दे असं ठरलं म्हणून दर्शना माहेरीच राहिली. त्याच खोलीत, त्याच खाटेवर. वत्सला तिच्या छातीला कापड बांधायची, कारण दूध येतच होतं. गावातल्या बाया येऊन बसायच्या. दर्शना फार बोलत नसे, पण कुणी घराचं नाव काढलं की सांगायची की माझ्या बाबांनी माझ्यासाठी किती केलं, दहा दहा दिवस चिखलात उभे होते, गुडघे सुजले त्यांचे. ती हे मनापासून सांगायची. जयराम ओट्यावर असला तर उठून खळ्यावर जायचा. भात झोडायचं राहिलं होतं, ते तो एकटाच झोडत बसायचा. पेंढी उचलायची, आपटायची, उचलायची. उंदरांनी निम्मं नासवलं होतं, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

नामा एकदा येऊन बसला. त्यानं भिंतीचं नाव काढलं नाही. कोण आजारी आहे, कुणाची गाय व्यायली, असलं काहीबाही बोलून, चहा पिऊन गेला. जयरामला वाटलं, यानं दोन शब्द लावले असते तर बरं झालं असतं. रितेश रविवारी यायचा. मोबाइलमध्ये बघत बसायचा, बायकोजवळ थोडा वेळ बसायचा, आणि जाताना सासऱ्याच्या पाया पडायचा. ते पाया पडणं जयरामला सोसायचं नाही.

आणि घर आता उबदार झालं होतं. जानेवारी लागता लागता मागची भिंत सुकली. एका सकाळी जयरामनं खालपर्यंत अंगठा दाबून बघितला तर दगडासारखी लागली. बाहेर बादलीतलं पाणी हात लावू देत नव्हतं, आणि आतल्या खोलीत वत्सला अंगावरची गोधडी बाजूला करत होती. म्हणाली, अवो, कसं गरम झालंय बघा. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं तोंडाला पदर लावला.

जानेवारीच्या मध्याला दर्शना सासरी निघाली. रितेशला सुट्टी नव्हती, तो कल्याणला येऊन उभा राहणार होता. जयराम तिला मुरबाडपर्यंत पोचवायला गेला. स्टँडवर कल्याणची गाडी लागायची होती. दोघं बाकावर बसली. जयरामनं तिला चहा आणून दिला, तो तिनं थोडा घेतला. समोर कॉलेजची पोरं हसत खिदळत होती. एक बाई मांडीवरच्या मुलाला बिस्कीट भरवत होती, आणि दर्शना तिकडे बघत होती. जयरामनं ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण तिला त्या बाईकडे बघताना पाहून त्याला ते आत ठेवता येईना.

"मागची भिंत ओली होती," तो म्हणाला. "रविवारीच कळलं होतं मला. अंगठा रुतला माझा. तुझ्या सासूनं विचारलं, तरी मी 'या' बोललो."

दर्शनानं मान वळवली नाही. चहाचा कागदी कप दोन्ही हातांत धरून ती तशीच बसली. तिनं ओरडावं, उठून जावं, काहीही करावं, याची तो वाट बघत राहिला.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली.

जयरामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दुसऱ्या दिवशीच कळलं. गोधडीची कड भिंतीला टेकली होती, ती सकाळी ओली लागली. मग खाट ओढली."

"मग बोलली का नाय गो?"

"काय बोलू? आई रोज सांगायची तुमी किती मर मर केली ते. तुमी दारातनं डोकावून बघायचात, मी खूश हाय का नाय." तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती रडत नव्हती. "आणि सासूबाईंना मीच बोलले होते, बाबांच्या घरी कायपण होणार नाय. परत नेऊन सोडा असं कुठल्या तोंडानं सांगू? रोज भिंतीला हात लावून बघायची. वाटायचं, आज सुकंल, उद्या सुकंल."

"मीपण," जयराम म्हणाला. "मीपण रोज हात लावायचो. बाहेरनं."

 मध्ये चार बोटांची भिंत, आणि तिच्या दोन बाजूंना दोघं हात लावून उभी, हे दोघांनाही दिसत असावं. जयरामला इतके दिवस वाटत होतं की सांगितलं की काहीतरी हलकं होईल, निदान शिव्या तरी मिळतील. आता त्याच्या लक्षात आलं की त्यानं लेकीचंही ओझं उघडं केलं, आणि ते काढून घ्यायला त्याच्यापाशी काही नाही. तुझी काही चूक नाही, असं तो म्हणायला गेला. पण डॉक्टरनं त्याला तेच सांगितलं होतं, आणि त्याचा काय उपयोग झाला ते त्याला ठाऊक होतं.

गाडी लागली. त्यानं तिची पिशवी वर ठेवली, तिला खिडकीची जागा मिळवून दिली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिला.

"आईला सांगू नका," दर्शना म्हणाली.

त्यानं मान हलवली. गाडी सुटली तेव्हा ती समोर बघत होती.

घरी आल्यावर वत्सलानं विचारलं की जागा मिळाली का. मिळाली म्हणाला, खिडकीची. नीट गेली ना, रडली नाय ना, असं तिनं विचारलं. नाय रडली, असं त्यानं सांगितलं. वत्सलाला तेवढ्यानं बरं वाटलं.

पुढच्या पावसात पुढच्या, पश्चिमेकडच्या भिंतीची माती सगळी वाहून गेली, बाजूच्या भिंतींचीही काठी दिसायला लागली. मागच्या भिंतीला पावसाचा मार कमी, आणि लिंपण चार बोटं जाड; ती तशीच राहिली. दर्शना दिवाळीत पाडव्याला आली, दोन तास बसली आणि रितेशबरोबर गेली. आतल्या खोलीत ती गेली नाही. ओट्यावरच तिनं पाणी मागितलं.

कार्तिक संपला, धुकं पडायला लागलं. वत्सलानं दोनदा आठवण केली की माती आणायची ना. जयराम हो म्हणाला आणि उठला नाही. मग एक दिवस तिनंच पोटमाळ्यावरून गोणपाटं काढली, झटकली आणि फटींवर बांधायला घेतली. तिचा हात वरपर्यंत पोचत नव्हता. तेव्हा तो उठला आणि तिच्या हातातली सुतळी घेतली.